मुली ड्युटी चार्टमध्ये काय वाचतात

पत्र:

मॅडम, मी जिल्ह्याच्या गावी ११० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. वय ३६, नोकरीला १३ वर्षं झाली. माझ्या ३० खाटांच्या वॉर्डातून अकरा महिन्यांत नऊ मुली गेल्या. एक सरकारी भरतीत लागली, एक जर्मनीला गेली, दोघी पुण्याला, एकीचं लग्न झालं. त्यांचं मी समजू शकते. पण चौघी रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात गेल्या, महिना दीड हजार जास्त मिळतात म्हणून. त्यातल्या दोघींना मी सुईसाठी व्हेन (शीर) कशी घ्यायची इथपासून शिकवलं होतं. मॅनेजमेंट म्हणतं, आजकालच्या मुलींना निष्ठाच नाही. आता नव्या मुलींकडून दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घ्यायचा आणि मूळ सर्टिफिकेटं ऑफिसात ठेवायची असं चाललंय. त्या प्रस्तावावर माझी शिफारस मागितली आहे. मुलींना हॉस्पिटल आपलं वाटावं म्हणून मी काय करू? आणि लिहिणार नव्हते, पण लिहिते: मलाच ते आता आपलं वाटेनासं झालंय.
– एक इन्चार्ज सिस्टर

उत्तर:

प्रिय सिस्टर,

बॉण्डचं आधी सांगते, कारण तो कागद तुमच्या टेबलावर थांबलेला असेल. शिफारस देऊ नका. मूळ सर्टिफिकेटं ठेवून घ्यायला तर अजिबात नाही. जीएनएमचं (नर्सिंग डिप्लोम्याचं) प्रमाणपत्र, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हे त्या मुलीचं आहे. त्यासाठी कुणाच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, कुणाच्या आईचे दागिने अजून सोडवून आणायचे असतात. ते कागद आपल्या कपाटात कुलपात ठेवायचे आणि वर तिनं हॉस्पिटल आपलं मानावं म्हणायचं, हे होणार नाही. लेखी मागितलं तर एवढंच लिहून द्या: मूळ कागद पाहून त्याच दिवशी परत करावेत, झेरॉक्स फाइलला लावावी.

बॉण्ड घातला की मुली थांबतात, हे खरं आहे. पण कशा थांबतात तेही तुम्ही पाहिलं असेल. कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत. अशा मुलींबरोबर मी काम केलं आहे आणि त्यांना कामचुकार म्हणणार नाही. सलाईन संपलं की त्या बदलतात, टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) वेळेवर भरतात. पण कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा दुपारपासून गप्प गप्प का आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात यायला मन वॉर्डात असावं लागतं, आणि त्यांचं मन सुटकेच्या तारखेत असतं.

कॅनडातले जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये हीच गोष्ट नीट उलगडून मांडली. नोकरीला माणूस बांधला जातो तो तीन दोऱ्यांनी. एक, मन गुंतलेलं असतं. दुसरी, सोडणं परवडत नाही. तिसरी, सोडणं बरं दिसत नाही, यांनी आपल्याला शिकवलं, उभं केलं, मग कसं जायचं. तिन्ही दोऱ्यांनी माणूस थांबतो, हजेरीपटावर तिघींची सही सारखीच दिसते. पण मन लावून काम होतं ते पहिल्या दोरीनं. दुसऱ्या दोरीनं बांधलेला माणूस जेवढ्यास तेवढं करतो, हे त्यानंतर या विषयावर झालेल्या अभ्यासांतूनही दिसत आलं आहे. बॉण्ड ही दुसरी दोरी. तुमच्या मॅनेजमेंटला हवा आहे पहिल्या दोरीचा परिणाम आणि ते विकत घेताहेत दुसरी.

आता त्या चौघींबद्दल. तुमचं पत्र तिथे सगळ्यात जास्त दुखावलेलं आहे, म्हणून जरा सावकाश बोलते.

दीड हजार रुपये ही लहान रक्कम नाही. खोलीचं भाडं तिघींत वाटून देणाऱ्या मुलीला तर नाहीच. पगाराचा विषय 'सेवाभावा'च्या चादरीखाली झाकून ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि मला तिचा राग येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं खासगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली होती. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान हॉस्पिटलातही २०,००० च्या खाली नाही. ही शिफारस होती, अंमल राज्यांवर सोपवला गेला, आणि पुढे काय झालं ते आपल्या पगाराच्या स्लिपा सांगतात. तुमच्या ११० खाटांना कुठला आकडा लागतो ते पाहा. मुलींना निष्ठा नाही म्हणणाऱ्यांसमोर तो आकडा एकदा शांतपणे ठेवा.

तरीही तुम्ही मनात म्हणत असाल, मग बाकीच्या का नाही गेल्या? त्यांनाही दीड हजार हवेच आहेत. बरोबर. दोन्ही हॉस्पिटलं सारखीच परकी असतील तर दीड हजारांसाठी रस्ता ओलांडायला कुणीही तयार होईल. एक जरी आपलं असेल तर पाय अडखळतो. त्या चौघींचा अडखळला नाही. का, ते शोधायचं आहे, आणि त्यांच्या राजीनाम्यात ते सापडणार नाही. राजीनाम्यात सगळ्या जणी 'घरगुती कारण' लिहितात.

मीही तेच लिहिलं होतं. मी २४ वर्षांची होते, एका खासगी हॉस्पिटलात. पगार बरा होता, वेळेवर होता. रात्री दोनच्या सुमाराला एका पेशंटचा मुलगा तावातावानं आला, डॉक्टर का येत नाहीत म्हणून. मी कॉल दिला होता, पुन्हा देत होते. त्यानं माझ्या हातातला ट्रे उडवला. अँप्यूलच्या काचा सगळीकडे झाल्या. मी आणि मावशींनी त्या गोळा केल्या आणि चार वाजताची इंजेक्शनं वेळेवर दिली. सकाळी व्यवस्थापक आले आणि म्हणाले, सिस्टर, तुम्ही सॉरी म्हणून टाका, ट्रस्टींच्या ओळखीतले लोक आहेत. मी म्हटलं सॉरी. नंतर ड्रेसिंग रूममध्ये बसून चपलेतून तळव्यात घुसलेली काच काढली. पाच महिन्यांनी सोडलं तेव्हा कुणाला त्या रात्रीची आठवणही नव्हती. माझं मात्र त्याच सकाळी ठरलं होतं.

आज कायदा आहे. २०१० चा महाराष्ट्राचा वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि संस्था यांवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा, ज्यात नर्स येते, आणि तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तक्रार कोण देतं, याकडे मुली बघतात. हॉस्पिटलनं आपल्या लेटरहेडवर दिली, की 'सिस्टर, तुम्हीच जा पोलीस स्टेशनला' म्हटलं? त्या एका सकाळी एखादी मुलगी हॉस्पिटलची होते नाहीतर कायमची परकी होते.

दुसरी गोष्ट त्यानंतर दोन वर्षांची, महापालिकेच्या रुग्णालयातली. सर्जिकल वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन शिंदे होते. मी एका शिंद्यांचं अँटिबायोटिक दुसऱ्या शिंद्यांना दिलं. सिरिंज रिकामी झाली त्याच क्षणी कळलं. पाय थरथरत होते. परिसेविकाबाईंकडे, म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे गेले आणि सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पेशंट कसा आहे? उठल्या, माझ्या बरोबर खाटेपर्यंत आल्या, नाडी स्वतः पाहिली, ॲलर्जीचं विचारलं, डॉक्टरांना स्वतः फोन केला. पेशंटला काही झालं नाही. मग खुर्चीत बसवून दुसरा प्रश्न: जेवलीस का? मी सकाळपासून जेवले नव्हते, चोवीस पेशंटांना आम्ही दोघी होतो. रिपोर्ट लिहायला लावला, सगळा खरा, आणि खाली स्वतः लिहिलं की सारख्या नावाचे रुग्ण शेजारी ठेवले गेले, ही वॉर्डची चूक आहे. सही केली. दुसऱ्या दिवसापासून सारख्या आडनावाच्या केसपेपरवर लाल पट्टी लागायला लागली. ती पट्टी मी रिटायर होईपर्यंत त्या वॉर्डात होती, बाई जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी.

त्या रुग्णालयात गळकं छत होतं, पाण्याची बोंब होती, बदलीचं राजकारण होतं. मी तिथून हलले नाही.

अमेरिकेत रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की कामाला असलेला प्रत्येक माणूस मनाशी एक हिशेब धरून असतो: ह्या संस्थेला माझी किंमत आहे का, माझ्या बऱ्यावाईटाची पर्वा आहे का? आणि त्या हिशेबाप्रमाणे तो संस्थेला परत देतो. माझं आयुष्यभराचं म्हणणं हेच आहे. निष्ठा आधी हॉस्पिटलनं दाखवायची असते. मुलीची येते ती परतफेड असते. आणि मुलीच्या लेखी हॉस्पिटल म्हणजे ट्रस्टी नव्हेत, बाहेरची पाटीही नव्हे. तिच्या लेखी हॉस्पिटल म्हणजे तुम्ही. हे ओझं तुमच्यावर टाकायचं म्हणून म्हणत नाही. तुमच्या हातात किती आहे तेही यातूनच कळतं, म्हणून म्हणते.

सगळ्यात जास्त आहे ते ड्युटी चार्टमध्ये. नर्सच्या आयुष्यात दुसरा कुठलाही कागद इतक्या बारकाईनं वाचला जात नाही. चार्ट लागला की मुली फोटो काढून घेतात आणि बसमध्ये, मेसमध्ये, झोपायच्या आधी पुन्हा पुन्हा बघतात. तुम्हाला वाटतं त्या आपली नाईट बघतात. त्या सगळ्यांच्या नाईट ड्युट्या मोजतात. कुणाला दिवाळीला ऑफ मिळाला, कोण तीन महिने नाईटच करतेय, इन्चार्जच्या मर्जीतली कोण, हे सगळं त्यांना पाठ असतं.

तुमचा गेल्या सहा महिन्यांचा चार्ट काढा आणि एकदा मुलीच्या नजरेनं वाचा. कुणाला इव्हिनिंग करून लगेच मॉर्निंग लावली आहे ते शोधा. रात्री नऊला ओव्हर देऊन (पुढच्या पाळीला पेशंट सोपवून) निघालेली मुलगी साडेदहाला खोलीवर पोहोचते, जेवून झोपेपर्यंत बारा, आणि साडेसातला पुन्हा वॉर्डात. कागदावर ती 'दोन वेगळ्या दिवसांची ड्युटी' असते, पण मुलीच्या अंगाला तो एकच दिवस असतो. असे जोड तुम्ही कुणाच्याही परवानगीशिवाय तोडू शकता. चार्ट आठवड्याच्या आदल्या रात्री न लावता निदान पंधरा दिवस आधी लावू शकता. वॉर्डात एक वही ठेवू शकता, जिच्यात मुलींनी आपली मागणी लिहायची: बहिणीचं लग्न, बाळाचं लसीकरण, परीक्षा. सगळ्यांची सगळी पुरी होणार नाही, पण जी नाही झाली तिच्यापुढे कारण लिहा. नुसतं 'नाही' दिसलं की मुलगी खचते, कारण वाचलं तर समजून घेते.

आणि ऑफ. रात्री दहाला मेसेज येतो, 'उद्या ये, स्टाफ नाही'. तुम्हालाही पाठवावा लागतो, मला माहीत आहे, मीही पाठवले आहेत. मी एक केलं होतं ते सांगते. चार्टच्या उजव्या कडेला एक रकाना आखला आणि वर लिहिलं 'देणं'. जिचा ऑफ गेला तिच्या नावापुढे त्या रकान्यात रेघ. हॉस्पिटल तुझं एक ऑफचं देणं लागतं, सगळ्यांना दिसेल अशा जागी. दहा दिवसांत फेडायचं, फेडलं की रेघ खोडायची. आमच्या मेट्रनना सुरुवातीला ते आवडलं नाही, भिंतीवर आपली उधारी कशाला म्हणाल्या. पण दोन महिन्यांत त्याच रकान्यावर बोट ठेवून त्यांनी वर जाऊन दोन जागा भरून आणल्या.

कारण खरं दुखणं माणसं कमी असण्याचं आहे, आणि ते तुमच्या वहीनं आणि रकान्यानं झाकलं जाता कामा नये. नाईटला ३० पेशंटांना तुमच्याकडे दोघी असतील, तर एकीकडे पंधरा येतात. पंधरा जणांचा बीपी, टेम्परेचर आणि विचारपूस, माणशी चार मिनिटं धरली तरी एक तास गेला, आणि अजून एकही इंजेक्शन दिलेलं नाही, एकही नोंद लिहिलेली नाही, ॲडमिशन आलेली नाही. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. दहा हजारांवर नर्सेस त्यात होत्या. एका नर्सवर एक पेशंट वाढला की ती कामाला कंटाळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते, पार गळून जाण्याची २३ टक्क्यांनी, आणि ऑपरेशनला आलेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची ७ टक्क्यांनी. शेवटचा आकडा मॅनेजमेंटला ऐकवा. पहिले दोन ऐकून ते योगशिबिर ठेवतील.

मुलगी सोडते ते पुष्कळदा दमली म्हणून नव्हे. काम तर आपण सगळ्याच करतो. जे करायला शिकलो ते करता येत नाही, म्हणून ती सोडते. पाठ चोळून द्यायची होती, राहिली. म्हातारीला चमच्यानं पेज भरवायची होती, नातेवाइकावर सोडली. घरी जाताना रोज अशी राहिलेल्या कामांची यादी डोक्यात घेऊन कुणी किती दिवस जाईल? असं घडत राहिलं की चांगल्या मुली आधी जातात.

तुमच्याकडे मुलींना ऐनवेळी आयसीयूला, कॅज्युअल्टीला ओढतात का? बहुतेक ओढत असतील. लंडनच्या एका अध्यापन रुग्णालयातल्या शिकाऊ नर्सेसचा इझाबेल मेंझीस यांनी अभ्यास केला होता, १९६० साली तो छापून आला. तिथे मुलींना वॉर्डावॉर्डातून सारखं फिरवत, पेशंटला नावानं न म्हणता 'दहा नंबरचं लिव्हर' म्हणत. आजाराच्या, मरणाच्या धास्तीपासून नर्सचं मन वाचावं, ती फार गुंतू नये, म्हणून तिथली सगळी पद्धत अशी घडत गेली होती, असं मेंझीस यांना आढळलं. झालं उलटं. सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्ध्यावर सोडून जात. पेशंटमध्ये गुंतणं हाच तर या कामातला आनंद आहे, तोच काढून घेतला की उरते ती नुसती धावपळ. साठ वर्षांनंतरही आपण 'सात नंबरचा डायलिसिस' म्हणतोच. म्हणून नव्या मुलीला निदान पहिले तीन महिने एकाच वॉर्डात, एकाच सीनियरच्या हाताखाली राहू द्या, एकटीला नाईट नको. तिचे पेशंट तिचे आहेत असं तिला वाटू द्या. राऊंडला डॉक्टर आले की तुम्ही बोलू नका, तिला पुढे करा. 'सर, ह्या पेशंटला रात्रभर मी पाहिलंय' हे वाक्य ज्या मुलीला एकदा बोलता आलं आणि डॉक्टरांनी थांबून ऐकलं, ती रस्ता ओलांडायच्या आधी दहादा विचार करील. यात डॉक्टरांचं वागणं तुमच्या हातात नाही, पण राऊंडच्या आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलणं आहे. चांगले डॉक्टर ऐकतात.

मॅनेजमेंटकडे जाल तेव्हा एक गोष्ट सोबत न्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता आणि तरीही काही हॉस्पिटलांतून नर्सेस हलत नव्हत्या. तिथल्या नर्सिंग अकादमीनं १६३ हॉस्पिटलं तपासली, त्यातली ४१ निवडली आणि त्यांना लोहचुंबक म्हटलं. तिथे काय होतं? कामाच्या वेळा सोयीनं बदलता येत होत्या, डॉक्टर-नर्स बरोबरीनं बोलत होते, खाटेजवळचा निर्णय नर्स घेऊ शकत होती. आणि मुख्य नर्सला व्यवस्थापनाच्या बैठकीत जागा होती. तुमच्या मेट्रन अशा बैठकीत बसतात का? की निर्णय झाल्यावर त्यांना फक्त कळवतात? बॉण्डचा प्रस्ताव ज्या खोलीत ठरला तिथे एक तरी नर्स होती का, एवढं विचारा. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर कायद्यानं लागतं, २०१७ च्या दुरुस्तीपासून. ते आहे का? रात्री नऊला सुटणाऱ्या मुलींना गाडी आहे का? कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या केकचं बिल आणि त्या कडीची किंमत शेजारी शेजारी लिहा.

'निष्ठा' हा शब्द ते वापरतात तेव्हा त्यांच्या मनात आज्ञाधारकपणा असतो, असं मला पत्रावरून वाटलं. म्हणून अरुणा शानबाग यांची आठवण काढते. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच आवारात त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या खाटेला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या खोलीत सांभाळलं. ज्यांनी अरुणाताईंना चालताबोलता कधी पाहिलंही नव्हतं, त्या मुलीही ओव्हर घेताना त्यांचं घेत होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाठवलेल्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा अंगावर एकही बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) नव्हता. ज्यानं कधी खाटेला खिळलेल्या माणसाची कूस बदलली आहे, त्याला या एका ओळीतले श्रम समजतील. ह्याच नर्सेसनी हल्ल्यानंतर सुरक्षिततेसाठी संप केला होता. ऐंशीच्या दशकात महापालिकेनं खाट मोकळी करण्यासाठी अरुणाताईंना हलवायचं ठरवलं, तेव्हा ह्याच नर्सेस महापालिकेविरुद्ध उभ्या राहिल्या आणि ते थांबवलं. आपलं वाटणाऱ्या जागेसाठी माणूस भांडतो. तुमच्या वॉर्डात जी मुलगी मीटिंगमध्ये तोंड वर करून बोलते, तिला सांभाळा. ती अजून आत आहे. गप्प झालेल्या मुलीची काळजी करा.

जर्मनीला गेली तिचं, सरकारी लागली तिचं मनाला लावून घेऊ नका. त्या तुमच्यापासून पळाल्या नाहीत, पुढे गेल्या. निघताना त्यांना नीट निरोप दिलात ना? अनुभवाचं पत्र वेळेवर, हिशेब अडवून न ठेवता? राहिलेल्या मुली तेही बघत असतात.

आता तुमचं. तेरा वर्षांनी हॉस्पिटल आपलं वाटेनासं होणं यात तुमच्या मनाची काही खोट नाही. मुलींसाठी जी गोष्ट तुम्ही, ती तुमच्यासाठी कोण? तुमचा ऑफ गेला तर कुणाच्या रकान्यात रेघ पडते? इन्चार्जला वरून ऐकावं लागतं, खालून ऐकावं लागतं, आणि नाईटला कुणी आलं नाही तर ॲप्रन चढवून स्वतः उभं राहावं लागतं. मला वाटतं तुम्ही थकलेल्या आहात, आणि कुणी विचारलेलं नाही. म्हणून मी विचारते: शेवटची सलग चार दिवसांची रजा कधी घेतलीत?

ती आधी घ्या. मग तीन महिने ठरवा. त्या तीन महिन्यांत तीन गोष्टी लेखी मागा: चार्ट हा तुमचा अधिकार राहील, परस्पर कुणी मुली हलवणार नाही, आणि नाईटला तिसरी नर्स. बॉण्डच्या कागदावर तुमचं मत लेखी द्या. त्यांनी ऐकलं, निम्मं जरी ऐकलं, तर तुमचं मन परत येतं का ते पाहा. माझा अनुभव आहे की येतं, फार लवकर येतं. नाही ऐकलं, तर १३ वर्षांचा अनुभव असलेल्या इन्चार्जला जागा कमी नाहीत. त्या दिवशी रस्ता ओलांडलात तर चौघींसारखंच तुमच्याही निष्ठेबद्दल बोललं जाईल. बोलू द्या.

पण त्याआधी त्या दोघींना, ज्यांना तुम्ही व्हेन घ्यायला शिकवलंत, एखाद्या संध्याकाळी बाहेर कुठेतरी चहाला बोलवा. परत या म्हणू नका, का गेलात असंही विचारू नका. 'कुठल्या दिवशी ठरवलंत?' एवढंच विचारा. तारीख त्यांना आठवत असेल. जाताना पिशवीत गेल्या वर्षीचे चार्ट घेऊन जा, आणि घरी आल्यावर त्या तारखेचं पान काढून बघा.

तुमची,
एक निवृत्त अधिसेविका